सिंहगड–राजगड–तोरणा अल्ट्रा: वेगाचा हिशेब आणि चार महिन्यांची तयारी

रस्त्यावर धावणारा माणूस शर्यतीचा विचार एकाच मापात करतो: एका किलोमीटरला किती मिनिटं. सिंहगड–राजगड–तोरणा मार्गावर हे माप निरुपयोगी आहे. इथे एक किलोमीटर सात मिनिटांत होतो आणि त्याच दिवशी दुसरा पंचवीस मिनिटं खातो. दोन्ही वेळा तुम्ही लावलेली ताकद तेवढीच असते. म्हणून या मार्गाची आखणी चढाईचे मीटर, उन्हाचे तास आणि शेवटच्या उतारासाठी मांड्यांत राखून ठेवलेला जोर या तीन गोष्टींवर करायची. त्यातही तिसरी सगळ्यात महत्त्वाची. ही शर्यत दमसासापेक्षा मांड्यांमुळे जास्त जणांच्या हातून निसटते.

या तीन गडांच्या परिसरातली एसआरटी (सिंहगड–राजगड–तोरणा) अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब पल्ल्याची शर्यत, डिसेंबरमध्ये असते. पुढचं सगळं पन्नास किलोमीटरच्या आसपासच्या अंतरासाठी आहे. जो आठवड्याला ३५ ते ४० किमी धावतो, हाफ मॅरेथॉन आरामात पूर्ण करतो आणि ज्याला गडवाटांची थोडीफार सवय आहे, असा धावपटू त्यात गृहीत धरला आहे. एवढा पाया नसेल तर यंदा छोट्या अंतराला नाव द्या. डोंगर कुठे पळून जात नाही.

मार्ग कागदावर उतरवा

सिंहगडाची उंची १,३१२ मीटर, राजगडाची सुमारे १,३७६ आणि तोरण्याची १,४०३. आकडे जवळजवळ असल्यामुळे नवखा माणूस फसतो. सिंहगड उतरल्यावर पुन्हा सातशे मीटरच्या आसपास, भातखाचरांच्या पातळीला यावं लागतं आणि राजगड तिथून नव्याने चढावा लागतो. राजगडावरून तोरण्याकडे डोंगरधार जाते, पण ती सरळ नाही. ती सारखी खिंडीत उतरते आणि पुन्हा वर येते.

आयोजक त्या वर्षीची जी जीपीएक्स फाइल, म्हणजे मार्गाचा डिजिटल नकाशा, देतात तीच वापरा. मार्गाची दिशा, सुरुवातीची जागा आणि गावांतले रस्ते बदलू शकतात. फाइल उघडून मार्गाचे सहा-सात तुकडे पाडा. तुकडे एड स्टेशनप्रमाणे (वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्यांप्रमाणे) नाही, तर जमीन जिथे स्वभाव बदलते तिथे पाडायचे: चढ कुठे संपतो, सुट्या दगड-मातीचा घसारा कुठे लागतो, डांबरी कुठे सुरू होते. प्रत्येक तुकड्यासमोर अंतर, चढ, उतार, जमिनीचा प्रकार आणि तिथे पोचायची घड्याळातली वेळ लिहा. ही शेवटची नोंद बहुतेक जण गाळतात. पण दुपारी एकला लागणारी धार आणि सकाळी आठला लागणारी धार यांत फार फरक असतो.

एक खबरदारी घ्या. एकाच मार्गाची एकूण चढाई दोन ॲपमध्ये दोनशे-चारशे मीटरनी वेगळी दिसू शकते, कारण उंचीच्या नोंदी गुळगुळीत करायची प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. सराव आणि शर्यत एकाच ॲपमध्ये मोजा, म्हणजे चूक असली तरी दोन्हीकडे सारखीच राहील.

वेळेचा हिशेब

आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटना, म्हणजे आयट्रा, शर्यतींची वर्गवारी करताना एक सोपं माप वापरते: अंतराच्या किलोमीटरमध्ये चढाईचे मीटर भागिले शंभर मिळवायचे. त्याला आपण श्रम-किलोमीटर म्हणू. ५० किमी आणि २,२०० मीटर चढाई म्हणजे ७२ श्रम-किलोमीटर.

आता तुमचा स्वतःचा दर काढा. समजा सरावात २५ किमी, १,००० मीटर चढाईचा पल्ला थांबे वगळून साडेचार तासांत झाला. ते झाले ३५ श्रम-किलोमीटर, म्हणजे तासाला साधारण ७.८. शर्यत दुपटीहून लांब आहे, त्यामुळे हाच दर टिकणार नाही. त्यातून १० ते १५ टक्के वजा करा आणि ६.८ धरा. ७२ भागिले ६.८, म्हणजे सुमारे १० तास ३५ मिनिटं. चार एड स्टेशनवर मिळून अर्धा तास मिळवला की ११ तास ५ मिनिटं.

हे माप एकूण वेळेसाठी चांगलं आहे, पण एकेका उभ्या चढासाठी ते ढोबळ ठरतं. तिथे तासाला किती मीटर उंची चढता ते बघा. मोजपट्टी म्हणून आतकरवाडीची सिंहगडवाट उत्तम: पावणेतीन किलोमीटरच्या आसपास अंतर, सुमारे ६०० मीटर चढाई. ताज्या पायांनी, पूर्ण जोर लावून ती ५५ मिनिटांत होत असेल तर तुमचा दर तासाला साधारण ६५० मीटर. शर्यतीत पहिल्या चढाला याच्या ८० टक्के, म्हणजे ५२० ते ५२५ एवढाच दर लावा. राजगडाच्या चढाला ५०० पुरे.

दोन्ही मापं एकत्र करून तक्ता असा दिसेल. हिशेब कळावा म्हणून आकडे गोल केले आहेत, तुमच्या फाइलवरून बदलून घ्या.

पायथा ते सिंहगड: ३ किमी, ६०० मीटर चढ, १ तास १० मिनिटं.
कल्याण दरवाज्याने उतरून धारेने खोऱ्यात: १२ किमी, २५० मीटर चढ, ९०० मीटर उतार, २ तास ८ मिनिटं.
गावं, शेतवाटा आणि रस्ता: १२ किमी, २०० मीटर चढ, १ तास ४५ मिनिटं.
राजगडाची चढण: ४ किमी, ६०० मीटर चढ, १ तास १२ मिनिटं.
राजगडाची संजीवनी माची ते तोरणा: १४ किमी, ५५० मीटर चढ, ३ तास १० मिनिटं.
तोरणा ते वेल्हे: ५ किमी, ७०० मीटर उतार, १ तास.

बेरीज १० तास २५ मिनिटं आणि थांबे अर्धा तास. वरच्या उत्तराशी हे जुळतं, म्हणजे आखणी हवेतली नाही. दोन उत्तरांत तासाभराचा फरक पडला तर कुठलातरी तुकडा तुम्ही आशेवर लिहिलाय. बहुतेक वेळा तो पाचवा असतो.

पहाटे साडेपाचची सुरुवात धरली तर राजगडाचा माथा दुपारी बाराच्या सुमारास येतो, आणि धारेचे तीन तास बारा ते सव्वातीनमध्ये पडतात. सगळ्यात लांब, निर्जल, बिनसावलीचा तुकडा ऐन उन्हात. सगळी तयारी या तीन तासांकडे बघून करायची.

सोळा आठवडे आणि आपलं हवामान

डिसेंबरच्या शर्यतीसाठी सराव ऑगस्टमध्ये सुरू होतो, आणि ऑगस्टमध्ये सह्याद्रीत पाऊस असतो. परदेशी वेळापत्रकं जशीच्या तशी उचलून चालत नाही ती यामुळेच. निसरडा कातळ, शेवाळलेल्या पायऱ्या, दरडींची भीती आणि शनिवार-रविवारची गर्दी असताना उतारावर जोरात धावायचा सराव करणं म्हणजे घोटा मोडून घेणं.

म्हणून पहिले पाच आठवडे रस्ता, जिने आणि ताकदीचे व्यायाम. इमारतीचा एक मजला साधारण तीन मीटरचा धरा. वीस मजले दहा वेळा चढले की ६०० मीटर, म्हणजे एक सिंहगड झाला. सुरुवातीला उतरताना लिफ्ट घ्या. दोन-तीन आठवड्यांनी गुडघ्याची तक्रार नसेल तर जिन्यानेच उतरा. नागपूर, सोलापूर, लातूरकडच्या सपाट भागातल्या धावपटूंना हाच मुख्य सराव आहे आणि तो मनापासून केला तर पुरतो. आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम: एका पायावर सावकाश खाली येणारे स्टेप-डाउन, लंज, एका पायावर टाच उचलणं, प्लँक. स्टेप-डाउनमध्ये खाली जायला पुरते चार सेकंद घ्या. त्याचा सगळा फायदा त्या चार सेकंदांत असतो.

सहावा ते दहावा आठवडा साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरअखेर येतो. ऑक्टोबरची उन्हं त्रासदायक असली तरी ती वाया घालवू नका. आठवड्यातून दोनदा सकाळी दहानंतर तास-सव्वा तास हळू धावलं की हळूहळू शरीर उन्हाला सरावतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. हा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो, म्हणून नोव्हेंबरमध्येही अधूनमधून उन्हात धावत राहा. आठवड्याची चढाई ६०० मीटरवरून १,२०० वर न्या. पुणेकरांना वेताळ टेकडी रोजची आहेच. मुंबईकरांनी येऊर आणि आसपासच्या डोंगरवाटा धराव्यात. गवत अजून उंच असतं, त्यामुळे अनोळखी वाटेला एकट्याने जाऊ नका.

अकरावा ते तेरावा आठवडा सगळ्यात जड. शनिवारी २५ ते २८ किमी आणि हजार-बाराशे मीटर चढाई, रविवारी थकल्या पायांनी १५ किमी हळू. कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची रांग यासाठी नेमकी आहे, कारण तिथे एकच मोठा चढ नसून छोटे चढ-उतार सतत येत राहतात. राजगड–तोरणा धारेची तीच खोड आहे. तेराव्या आठवड्यात सगळ्यात लांब पल्ला: ३४ ते ३६ किमी किंवा सहा-साडेसहा तास, यांतलं जे आधी होईल ते. याहून जास्त धावल्याने आत्मविश्वास वाढतो खरा, पण भरून यायला लागणारा वेळ शर्यतीतून कापला जातो.

उताराचा सराव वेगळा धरा. चढताना स्नायू आखडून काम करतो. उतरताना तो ताणला जात असतानाच वजन रोखून धरतो, आणि त्यात त्याचे तंतू जास्त दुखावतात. असं एकदा दुखावून भरून आलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच माराला बराच कमी दुखतो. म्हणून दहा ते चौदा दिवसांतून एकदा सिंहगड निवांत चढा आणि ठाम वेगाने उतरा, जमल्यास दोनदा. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस जिना उतरवणार नाही, तिसऱ्या वेळी फारसं काही जाणवणार नाही. असा शेवटचा सराव शर्यतीआधी अडीच-तीन आठवडे. त्यानंतर जोराचा उतार बंद.

शेवटचे तीन आठवडे आवरतं घ्यायचं: नेहमीच्या अंतराच्या ७५ टक्के, मग ५५, मग ३५. वेग कमी करू नका, अंतर कमी करा.

नोव्हेंबरमध्ये राजगड–तोरणा धार एकदा दिवसा नक्की करून घ्या. राजगडाच्या आळू दरवाज्यातून बाहेर पडणारी वाट, कारवीच्या रानातली वळणं आणि तोरण्याच्या बुधला माचीखालचा कातळ आधी पाहिलेला असला की शर्यतीत तिथे डोकं लागत नाही.

खाणं आणि पाणी

ताशी ४५ ते ६० ग्रॅम कर्बोदकं हे बहुतेकांसाठी योग्य लक्ष्य आहे. ९० पर्यंत जाता येतं, पण त्यासाठी पोटाला आठवडेच्या आठवडे शिकवावं लागतं, आणि ग्लुकोजच्या जोडीला फ्रुक्टोज लागतं, कारण आतड्यात दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. साध्या साखरेत हे दोन्ही निम्मे-निम्मे असतात, त्यामुळे लिंबू सरबत हे इथे अगदी शास्त्रशुद्ध पेय आहे.

अर्धा लिटर पाणी, ३० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, लिंबू. पाव चमचा मीठ म्हणजे दीड ग्रॅम, त्यात जवळपास ५९० मिलिग्रॅम सोडियम. त्या तासाला सोबत एक मध्यम केळं, म्हणजे आणखी २५ ग्रॅम. झाले ५५. केळ्याऐवजी मीठ लावलेला उकडलेला बटाटा चालतो. शंभर ग्रॅममध्ये १८ ते २० ग्रॅम मिळतात. जेलच्या पाकिटात साधारण २२ ते २५ ग्रॅम असतात, पण ते साध्या पाण्याबरोबर घ्या. सरबतावर जेल घेतलं की पोटातलं मिश्रण इतकं दाट होतं की ते पुढे सरकतच नाही, आणि मळमळ सुरू होते. शेंगदाण्याची चिक्की आणि डिंकाचे लाडू पौष्टिक असले तरी त्यांतलं तूप-तेल पचायला वेळ घेतं. ते आदल्या दिवसांत खा. राजगिऱ्याचा लाडू हलका असतो, पण कोरड्या तोंडात तो फिरत राहतो, म्हणून पहिल्या चार-पाच तासांतच संपवा.

ओआरएसबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये सुमारे १,७०० मिलिग्रॅम सोडियम असतं आणि ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम. म्हणजे त्यात मीठ भरपूर आहे, पण खाणं जवळजवळ नाही. दिवसभर त्यावर राहणारा धावपटू सातव्या तासाला रिकामा होतो. लिटरचं अर्धं पाकीट लिटरभर पाण्यात टाका आणि खाणं वेगळं ठेवा.

किती पाणी प्यायचं ते स्वतःच्या घामावरून ठरवा. शर्यतीसारख्या उन्हात एक तास धावण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. जेवढं वजन घटलं त्यात प्यायलेलं पाणी मिळवा, तो तुमचा ताशी घाम. तो एक लिटर निघाला तरी सगळा भरून काढायचा नसतो; दिवसाअखेर दोन-तीन टक्के वजन घटणं चालतं. उलट, भीतीपोटी साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, डोकं दुखणं, मळमळ आणि बोलण्यात घोळ ही त्याची लक्षणं. अशा माणसाला आणखी पाणी पाजणं धोक्याचं आहे, त्याला डॉक्टरांकडे न्यायचं.

वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक, शर्यतीआधी किंवा शर्यतीत घेऊ नका. घाम, ऊन आणि तुटणारे स्नायू यांचा मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. या गोळ्या तिथला रक्तपुरवठा आणखी कमी करतात. यात तडजोड नाही.

अंगावर काय, पाठीवर काय

बुटांच्या तळव्याला चार-पाच मिलिमीटर खोल दाते हवेत, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा. तोरण्याच्या उतारावर नखं बुटाला आपटतात, मग काळी पडतात. नखं शर्यतीच्या चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नाही. बूट शर्यतीपूर्वी शंभरेक किलोमीटर धावलेले असावेत.

डिसेंबरात वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यात घुसतात आणि पावलागणिक आत सरकतात. ती काढायला बसलं की दहा मिनिटं जातात, नाही काढली तर घोटा सोलवटतो. घोट्यावर बसणारे पातळ गेटर हा यावर खात्रीचा उपाय आहे. स्वस्त, हलके, आणि तरी फार कमी जण वापरतात.

पाठीवरच्या व्हेस्टमध्ये किमान दीड लिटर पाण्याची सोय ठेवा. धारेसाठी दोन लिटर. हेडटॉर्च आणि सुटे सेल, शिटी, अंगाची ऊब राखणारं चकचकीत पांघरूण, चिकटपट्टी, व्हॅसलिन, मानेवर पडदा असलेली टोपी, फोन. ट्रेकिंग पोल चालतात का ते नियमावलीत बघा. चालत असतील तर चढाला मोठी मदत होते, पण राजगडाच्या रेलिंगपाशी आणि कातळटप्प्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात, तेव्हा घडी घालून चटकन अडकवता येतील असेच घ्या. सुगंधी तेल, डिओ, अत्तर काही लावू नका. या गडांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात.

शर्यतीचा दिवस

सुरुवातीच्या तीन तास आधी नेहमीचं, सवयीचं खाणं: पोहे, उपमा किंवा केळं-ब्रेड. नवीन काहीही नको.

पहिला चढ पहाटेच्या गारव्यात, गर्दीत आणि उत्साहात होतो. सगळ्या चुकांची सुरुवात इथेच. अख्खं वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे, एवढाच जोर. छातीला नाडी मोजणारा पट्टा असेल तर कमाल ठोक्यांच्या ८० टक्क्यांवर जाऊ देऊ नका. चढ १५ टक्क्यांहून उभा झाला की चाला. तिथे धावणारा चालणाऱ्यापेक्षा मिनिटाला दोन-चार मीटरच पुढे जातो आणि त्यासाठी बराच जास्त दम खर्च करतो. पावलं छोटी, तळवा पूर्ण टेकलेला, हात मांडीवर, कंबरेतून न वाकता. वाट अरुंद आहे, त्यामुळे ओलांडण्याची घाई फुकट जाते. माथ्यावर तक्त्यातल्या वेळेपेक्षा दहा मिनिटं आधी पोचलात तर ते यश समजू नका, पुढच्या तुकड्यात वेग उतरवा.

कल्याण दरवाज्याखालचा उतार ताज्या पायांना फार सोपा वाटतो, आणि तिथे वाचवलेल्या पाच मिनिटांची किंमत तोरण्यावर वसूल होते. पावलं छोटी आणि भरभर ठेवा, मिनिटाला १७० ते १८०. नजर तीन-चार मीटर पुढे, शरीर घोट्यातून किंचित पुढे, हात पसरलेले. टाच रोवून थांबत थांबत उतरणं सगळ्यात महाग पडतं: प्रत्येक पावलाला मांडी ब्रेक लावते. घसाऱ्यावर पुढच्या धावपटूपासून चार-पाच मीटर अंतर ठेवा आणि दगड सुटला तर "दगड!" म्हणून मोठ्याने ओरडा.

खोऱ्यातला सपाट तुकडा दिसायला निरुपद्रवी. डांबरीवर पाय आपोआप शहरातल्या वेगाला लागतात, नाडी चढते आणि खाणं राहून जातं. खरं तर पोट सगळ्यात चांगलं चालतं ते इथेच, कारण ऊन अजून चढलेलं नसतं आणि हादरे कमी असतात. या पावणेदोन तासांत ताशी ६० ग्रॅम घ्या, घड्याळात दर वीस मिनिटांनी गजर लावा. २५ मिनिटं धाव, एक मिनिट चाल, त्या मिनिटात खाणं. राजगडाच्या पायथ्याला दोन लिटर पाणी भरून, टोपी आणि मानेचा कपडा भिजवून निघायचं.

राजगडाला आता उन्हाचा मामला सुरू होतो. सकाळी ज्या वेगाला नाडी १४० होती त्याच वेगाला ती १५० ते १५५ दिसेल. शरीर त्वचेकडे रक्त पाठवतंय, त्यामुळे आकड्याचा पाठलाग सोडा आणि श्वासावर चला. वाटेत सुटीचे पर्यटक असतील. पायऱ्यांवर आणि रेलिंगपाशी आवाज देऊन, थांबून वाट मागा.

आणि मग धार. संजीवनी माचीच्या टोकाकडून आळू दरवाज्याने खाली उतरताना वाट उभी आणि भुसभुशीत आहे. तिथून पुढे कारवी, वाळकं गवत, मुरूम, छोट्या टेपाडांची रांग. वाटेत एक डांबरी रस्ता ओलांडावा लागतो. तिथून माघारी फिरण्याचा मोह होतो, कारण गाडी तिथवर येते. या टप्प्याचा नियम एकच: दर टेपाड चाला, दर उतार हळू धावा, सपाटी जमेल तशी. किलोमीटरचा वेग बघूच नका. दर अर्ध्या तासाला २५ ग्रॅम पोटात आणि घोट-घोट पाणी, एवढंच मोजा. पाणी आधीच संपू नये म्हणून पहिल्या तासात एक फ्लास्क, असा हिशेब ठेवा. गडांवरच्या टाक्यांवर भिस्त ठेवू नका.

मळमळ आली तर कारण शोधा. उन्हामुळे आली असेल तर पंधरा मिनिटं अगदी हळू चाला, मानेवर आणि मनगटांवर पाणी ओता. गोड जास्त झालं असेल तर साधं पाणी आणि खारवलेला बटाटा. पोट स्थिरावलं की पुन्हा थोड्या-थोड्या घासांनी सुरुवात. पेटके आले तर तो मुख्यतः थकलेल्या स्नायूचा निषेध असतो. नुसतं मीठ खाऊन ते जात नाहीत. थांबा, हळूच ताण द्या, दहा मिनिटं वेग उतरवा.

बुधला माचीखालचा कातळ दमलेल्या अवस्थेत लागतो. पोल घडी करा, तीन आधार पक्के असल्याशिवाय चौथा हलवू नका. इथे पाच मिनिटं जास्त गेली तरी जाऊ देत.

तोरण्यावरून वेल्ह्याला उतरणारे ७०० मीटर ही सगळ्या दिवसाची परीक्षा. सकाळी मांड्या राखल्या असतील तर इथे पुढचे कितीतरी जण सहज गाठता येतात. नसतील राखल्या तर पायरीपायरीला बाजूने, रेलिंग धरून उतरावं लागतं. उतरायच्या आधी बुटांची नाडी घोट्यापाशी आवळून बांधा, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. माथ्यावर एक जेल घ्या, पाय लटपटत असताना डोकं जागं हवं. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. चारनंतर तोरण्यावर असाल तर हेडटॉर्च वरच्या कप्प्यात काढून ठेवा.

कटऑफ, म्हणजे टप्प्यावर पोचण्याची आयोजकांनी ठरवलेली शेवटची वेळ, उलट दिशेने मांडा. प्रत्येक कटऑफच्या किमान चाळीस मिनिटं आधी पोचण्याची वेळ तक्त्यात लिहा. अंतर वीस मिनिटांवर आलं तर एड स्टेशनवर बसायचं नाही, पाणी भरून चालत-चालत खायचं.

थांबायचं कधी

घाम थांबून अंग तापलं, चालताना तोल जातो, प्रश्नाला भलतंच उत्तर येतं, उलट्या थांबत नाहीत, छातीत दुखतं किंवा लघवी काळपट चहासारखी होते. यातलं एकही दिसलं की शर्यत तिथे संपली. भलतं बोलणाऱ्या, तापलेल्या माणसाला आधी सावलीत आडवा करून मिळेल त्या पाण्याने भिजवा, वारा घाला, मग हलवायचं बघा. थंड करण्यात गेलेली मिनिटं वाया जात नाहीत. धारेवरून स्वतः उतरू नका; स्वयंसेवकाला सांगा, तिथेच थांबा. वाटेत कुणी असा दिसला तर तुमचीही शर्यत तेवढा वेळ थांबते.

शर्यत संपल्यावर पहिल्या तासात मऊ भात-वरण किंवा पेज, मीठ घालून ताक, आणि पाय वर करून पडणं. पुढचे दोन दिवस लघवीच्या रंगावर लक्ष ठेवा. रंग गडद तपकिरी राहिला, मांड्या सुजून ताठ झाल्या, तर वेदनाशामक न घेता थेट रुग्णालय. एरवी चौथ्या दिवसापासून चालणं, दहाव्या दिवसाच्या आसपास हलकं धावणं, आणि उतारावर धावणं तीन आठवडे नाही.